आलं अंगाशी

पहिल्यानेच सांगून टाकतो, मी आल्याचा शत्रू नाही. हे सांगावं लागतं, कारण आपल्याकडे एखाद्या गोष्टीची आरती म्हणायला नकार दिला की तो माणूस देवळावर दगड मारायला आलाय असंच लोक धरून चालतात. मी चहात आलं घालतो, भाजीत घालतो, आणि आमच्या डोंबिवलीच्या फ्लॅटच्या गॅलरीत ते स्वतः लावतो. तेव्हा पुढे जे काही कडू लिहिणार आहे, ते घरच्या माणसाचं बोलणं समजावं. परक्यावर एवढा संताप कोण करतो?

निमित्त झालं एका शिंकेचं. परवा काउंटरवर मला शिंक आली. एकच. पण बँकेतल्या कारकुनाची शिंक ही त्याची खासगी बाब नसते. समोरच्या काचेला भोक असतं. रांगेतले पहिले गृहस्थ चेक सरकवता सरकवता म्हणाले, "आल्याचा रस आणि मध." त्यांच्या मागच्या बाई म्हणाल्या, "मध नको हो, गूळ. मध उष्ण पडतो." तिसरे एक पेन्शनर होते. हयातीचा दाखला द्यायला आलेले. त्यांनी तो फॉर्म बाजूला ठेवला आणि म्हणाले, "मी काय सांगतो ऐका. गेली वीस वर्षं रोज सकाळी अनशापोटी आल्याचा तुकडा. म्हणून तर हा दाखला द्यायला स्वतःच्या पायांनी येतो!" रांगेत चर्चा पेटली. साल काढून की सालासकट, किसून की ठेचून, सैंधवाबरोबर की लिंबाबरोबर! मी नुसता शिक्के मारत बसलो. माझी शिंक कधीच थांबली होती. सुंठीवाचून खोकला जातो म्हणतात ना, तसा. पण ते विचारतो कोण?

घरी येऊन मोबाइल उघडावा तर तिथेही आलंच. सर्दी, पडसं, सांधेदुखी, वाढतं वजन, गळणारे केस, रक्तदाब, साखर, आणि शेवटी हात जोडलेल्या चित्राखाली चक्क कर्करोग! एवढ्या सगळ्यांवर एकच इलाज. थकीत कर्जाची वसुली तेवढी आल्याने होते असं अजून कुणी पाठवलेलं नाही. तो मेसेज आला की मी मॅनेजरसाहेबांना पुढे पाठवणार आहे.

माझं म्हणणं थोडक्यात असं आहे. आलं हा घरातला उत्तम कारकून आहे. वक्तशीर, कामसू, थोडा तिखट स्वभावाचा, पण कामाला वाघ. त्याला कारकूनच राहू द्या. त्याला उचलून चेअरमनच्या खुर्चीवर बसवलंत, तर बँक बुडेल आणि बिचाऱ्या कारकुनाची अब्रूही जाईल. कारकुनांबद्दल मी अधिकारवाणीने बोलू शकतो. मी बी.कॉम. असून गेली तेवीस वर्षं तेच आहे.

आता मला आल्यावर बोलायचा अधिकार काय, असं कुणी विचारील, म्हणून माझ्या लागवडीचा जमाखर्च मांडतो.

माझे मामा कोरेगाव तालुक्यातले. सातारा जिल्हा आल्यासाठी नावाजलेला, आणि तिकडे 'माहीम' नावाची जात फार. पश्चिम रेल्वेचं माहीम स्टेशन सोडून आणखी एक माहीम जगात आहे हे मला मामांच्या शेतात कळलं. 2018 साली मी त्यांच्याकडून अर्धा पाव बेणं आणलं. मामांनी बजावून सांगितलं, "अक्षयतृतीयेच्या आगंमागं लाव. डोळा वर ठेव. दोन बोटं माती वर. आन् पानी बेतानं. आरं, ती काय पालकाची जुडी हाय व्हय?" हे सगळं मी डायरीत लिहून घेतलं. फक्त 'बेतानं' हा शब्द माझ्याकडून राहिला असावा.

लावल्यावर आठ दिवस झाले, काही नाही. पंधरा दिवस झाले, काही नाही. मी रोज सकाळी बोटाने माती उकरून बघायचो. सौ. म्हणाली, "ती काय मुदत ठेव आहे, रोज व्याज बघायला? मुदतीआधी मोडलीत तर दंड बसेल." दंड बसलाच. तीन आठवड्यांनी कोंब आले, पावसाळ्यात पानं डौलाने डोलू लागली, आणि मी वरून पाऊस असतानाही प्रेमाने झारी घालत राहिलो. श्रावणात पानं पिवळी पडली. उपटून बघतो तर खाली सगळा लगदा. मामांना फोन केला. ते म्हणाले, "कंदकूज." एका शब्दात माझा वर्षाचा ताळेबंद संपला. पाण्याचा निचरा झाला नाही की मातीतली बुरशी कंद कुजवते. आल्याला ओल लागते, पण पाय पाण्यात ठेवून बसणं त्याला सोसत नाही. इकडे आम्ही दर पावसाळ्यात गुडघाभर पाण्यातून स्टेशन गाठतो, पण आम्ही नोकरदार!

दुसऱ्या वर्षी शहाणा झालो. उथळ आणि रुंद कुंडी घेतली, तळाला भोकं मोठी केली. माती, वाळू आणि कुजलेलं शेणखत समभाग घेतलं. 2019 ची अक्षयतृतीया 7 मे रोजी होती. त्या दिवशी अंगठ्याएवढे, प्रत्येकी एक-दोन डोळे असलेले तुकडे केले, कापलेली बाजू दोन दिवस सुकू दिली आणि मग लावले. कुंडी अशा कोपऱ्यात ठेवली, की सकाळचं ऊन मिळेल आणि दुपारचं चुकेल. वरून वाळक्या पानांचं पांघरूण घातलं. पाणी, मामांच्या शब्दांत, बेतानं. मग आठ महिने काहीच केलं नाही. सरकारी नोकरीत आयुष्य काढलेल्या माणसाला 'काहीच न करणे' अवघड जाऊ नये, पण गेलं.

2020 च्या जानेवारीत पानं वाळून माना टाकू लागली. संक्रांतीच्या आदल्या दिवशी कुंडी उलटी केली, आणि अहाहा! मातीतून पंजेच्या पंजे निघाले. वजन केलं, 700 ग्रॅम. लगेच कागद घेऊन बसलो. कुंडी 250 रुपयांची. सरळ रेषेच्या पद्धतीने पाच वर्षांत घसारा, म्हणजे सालाचे 50. माती, वाळू, खत मिळून 160. एकूण 210 भागिले 700 ग्रॅम, म्हणजे किलोला 300 रुपये पडले. मंडईत त्याच्या निम्म्याहून कमी भावात मिळत होतं. बेणं मामांकडून फुकट, माझी मजुरी तर धरलेलीच नाही. सौ. म्हणाली, "याला तुमच्या बँकेत काय म्हणतात?" मी म्हणालो, "याला छंद म्हणतात."

पण ते आलं! बोटाने मोडलं तर कचकन मोडलं आणि वास सबंध गॅलरीत. मुळात, आलं हे मूळच नव्हे. ते जमिनीखाली आडवं पसरणारं खोड आहे, म्हणून तर त्याला डोळे असतात. संस्कृतात ओल्याला आर्द्रक, म्हणजे ओलसर, आणि वाळलेल्याला शुंठी. आपण त्याचं आलं आणि सुंठ केलं. आणि तिसरं नाव शृंगवेर, शिंगासारखं अंग असलेलं. ते नाव समुद्रमार्गाने ग्रीकांकडे गेलं, तिथून लॅटिनमध्ये, आणि फिरत फिरत इंग्रजीत 'जिंजर' होऊन आमच्या कँटीनच्या बिलावर परत आलं. 'जिंजर टी'. दर दुप्पट.

या कारकुनाची खरी हुशारी बघायची तर स्वयंपाकघरात बघा. ओलं असताना त्याच्या तिखटपणाचं कारण जिंजरॉल. वाळवलं की त्याचंच शोगॉल होतं, आणि ते अधिक जहाल. 'शोगा' म्हणजे जपानीत आलंच. म्हणून सुंठ चिमूटभर पुरते. शिजवलं की तिसरंच द्रव्य तयार होतं, झिंजरोन, ते सौम्य आणि गोडसर वासाचं. म्हणजे एकच माणूस तीन खात्यांत तीन तऱ्हांनी काम करतो आणि पगार एकच मागतो. बटाटेवड्यात ओलं, आमरसावर सुंठ, पुरणात सुंठ, मठ्ठ्यात ठेचलेलं, रामजन्माच्या सुंठवड्यात खोबरं-साखरेबरोबर, आणि थंडीत आलेपाकाची वडी. हे आमच्या आजीला रसायनशास्त्र न शिकता कळत होतं.

चहाचंच घ्या. आमच्या शाखेत नवा शिपाई लागला तेव्हा त्याने थंड दुधात आलं ठेचून घातलं आणि दूध नासलं म्हणून दूधवाल्याशी भांडण काढलं. दूधवाला निर्दोष होता. ओल्या आल्यात प्रथिनं तोडणारं एन्झाइम असतं, ते दूध फाडतं. मटणाला आलं चोळून ठेवलं की ते मऊ पडतं, ते याच कारणाने. उकळीत हे एन्झाइम मरतं. म्हणून आधी पाण्यात आलं खळखळ उकळावं आणि दूध मागून घालावं. हा साधा क्रम पाळला असता तर आमच्या शाखेत एक दूधवाला आणि एक शिपाई आजही एकमेकांशी बोलत असते.

इथवर माझं आणि तुमचं जमलं असेल. आता ज्यासाठी लिहायला बसलो ते सांगतो.

त्याच 2020 च्या संक्रांतीला माझे थोरले बंधू आणि वहिनी पुण्याहून आमच्याकडे आले होते. दादा तेव्हा पन्नाशीचा. गुळाची पोळी, त्यावर साजूक तूप, हसत-खेळत जेवण झालं. रात्री साडेनऊच्या सुमाराला दादा म्हणाला, "छातीत जरा जड वाटतंय रे. गॅस झाला असेल." कपाळावर घाम होता. जानेवारी महिना आणि पंखा बंद. आता मागे वळून बघतो तेव्हा तो घाम मला स्पष्ट दिसतो. तेव्हा मला दिसत होती ती फक्त माझी टोपली. 700 ग्रॅम! आठ महिन्यांची राखण! मी म्हणालो, "थांब दादा, घरचं आलं आहे." चांगला जाडसर पंजा निवडला, किसला, पिळला, लिंबू पिळलं, सैंधव घातलं आणि वाटी त्याच्या हातात दिली. वहिनी म्हणाल्या, "भावजी, डॉक्टरांना एकदा फोन करायचा का?" मी म्हणालो, "अहो वहिनी, हे प्या म्हणावं. दहा मिनिटांत ढेकर नाही आला तर नाव बदलीन."

ढेकर आला. तेच तर वाईट झालं. आम्ही सगळे हसलो, दादाही हसला. दिवे मालवले.

पहाटे चार वाजता वहिनींनी दार ठोठावलं.

हॉस्पिटलात डॉक्टर तरुण होते. त्यांनी विचारलं, "दुखायला कधी लागलं?" मी म्हणालो, "साडेनऊला." त्यांनी घड्याळाकडे पाहिलं. "मधे काय केलंत?" मी म्हणालो, "आलं दिलं." ते काही बोलले नाहीत. कागदावर काहीतरी लिहिलं आणि आत गेले. इतकी वर्षं लोकांच्या पासबुकात मी हवं ते नको ते लिहीत आलो, पण त्या कागदावर काय लिहिलं हे बघायची हिंमत मला झाली नाही.

दादा वाचला. पण हृदयाच्या स्नायूला जो वेळ रक्त मिळत नाही, त्या वेळात त्याचा तेवढा भाग मरतो आणि तो पुन्हा उगवत नाही. तो काही आल्याचा कंद नव्हे, डोळा ठेवून मातीत पुरला की फुटायला. दादाचं हृदय आता कमी जोराने चालतं. सिंहगड पायी चढणारा माणूस दुसऱ्या मजल्यासाठी लिफ्टची वाट बघतो. वहिनी मला एका शब्दाने बोलल्या नाहीत. बोलल्या असत्या तर बरं झालं असतं.

दोनच महिन्यांनी टाळेबंदी लागली आणि देशभर काढ्याची लाट आली. सुंठ, मिरी, दालचिनी, तुळस. आयुष मंत्रालयानेही प्रतिकारशक्तीसाठी म्हणून तो सुचवला होता. सोसायटीच्या ग्रुपवर लोक पातेल्यांचे फोटो टाकत होते. मीही काढा प्यायलो, चवीला चांगला लागतो. पण वरच्या मजल्यावरचे अण्णा जेव्हा म्हणाले, "काढा घेतोय ना, मग ताप आला तरी चाचणी कशाला?" तेव्हा माझ्या तोंडून जे शब्द गेले ते छापण्याजोगे नाहीत. अण्णा अजून माझ्याशी जिन्यात बोलत नाहीत. चाचणी मात्र त्यांनी केली.

आता आलेभक्तांचे आक्षेप घेऊ.

पहिला आक्षेप: "म्हणजे आपल्या आज्या मूर्ख होत्या का?" मुळीच नव्हत्या. मूर्ख मी होतो. आमची आजी खोकल्याला आलं-मध दोन दिवस द्यायची आणि तिसऱ्या दिवशी आजोबांना म्हणायची, "अहो, वैद्यांना बोलावून आणा." आपण आजीचे पहिले दोन दिवस लक्षात ठेवले आणि तिसरा विसरलो.

दुसरा आक्षेप: "नैसर्गिक आहे हो, साइड इफेक्ट काही नाही." हे वाक्य मी ऐकतो तेव्हा माझ्यातला वाणिज्य पदवीधर जागा होतो. ज्याच्या नावे कधी काही खर्ची पडत नाही, त्याच्या जमेच्या बाजूलाही काही नसतं. आल्यात गुण आहे म्हणता ना? मग तो गुण कुणाला तरी बाधणारही. रक्त पातळ राहायच्या गोळ्या ज्यांना चालू आहेत, त्यांनी रोज आल्याचा रस पिण्याआधी डॉक्टरांना विचारायलाच हवं. दादालाही आता त्यांनी तेच सांगितलंय: चहातलं चालेल, वाटीभर रस नाही.

तिसरा आक्षेप सगळ्यात भारदस्त: "आपल्या शास्त्रात सुंठीला विश्वभेषज म्हटलंय!" म्हटलंय, खरं आहे. विश्वभेषज, महौषध, मोठमोठी नावं आहेत. पण त्याच परंपरेतल्या भावप्रकाशात रक्तपित्त, दाह, ज्वर असताना आणि ग्रीष्म-शरद ऋतूंत आलं नको, असंही सांगितलंय. त्रिकटूत सुंठीला मिरी आणि पिंपळी असे दोन सहकारी दिलेले आहेत. खरा वैद्य नाडी बघतो, चार प्रश्न विचारतो, मग पुडी बांधतो. आपण पदवी तेवढी वाचली आणि खालच्या अटी वाचल्याच नाहीत. कर्जाच्या फॉर्मवर लोक नेमकं हेच करतात आणि मग माझ्या काउंटरवर येऊन भांडतात.

बँकेत एक पद्धत आहे. तिला आम्ही पासिंग पॉवर म्हणतो. अमुक रकमेपर्यंतचा चेक मी पास करायचा. त्याच्यावर गेला की अधिकाऱ्याच्या टेबलावर. यात माझा अपमान काही नाही. उलट माझ्या मर्यादेतल्या चेकवर माझी सही कुणी नाकारू शकत नाही. माझी मागणी एवढीच आहे, की प्रत्येक घराने आल्याची पासिंग पॉवर ठरवावी. साधं पडसं, घशातली खवखव, जड जेवण, तोंडाची गेलेली चव: आल्याने बेलाशक पास करावं. मळमळ: हेही त्याचं काम. गरोदरपणातल्या मळमळीवर त्याचा उपयोग होतो हे संशोधकांनी तपासून पाहिलेलं आहे, पण तिथे डॉक्टरांची दुसरी सही घ्यावी. छातीत जडपणा, डावा हात किंवा जबडा भरून येणं, विनाकारण घाम, दम लागणं: हा चेक आल्याच्या टेबलावर येताच कामा नये. तो तडक वर जावा, एका मिनिटात. 108 हा आकडा आपल्याला जपमाळेमुळे पाठ आहेच. महाराष्ट्रात तोच रुग्णवाहिकेचाही नंबर आहे. मणी ओढण्याआधी तो फिरवावा. गॅसच निघाला तर डॉक्टर हसतील. हसू द्या. आम्ही त्या रात्री हसलो होतो, त्यापेक्षा ते हसणं बरं.

आणि आलं लावायचं बंद करू नका. मीही केलं नाही. त्या वर्षी कुंडी फोडून टाकावी असं मनात आलं होतं, पण त्यात आल्याचा काय दोष? त्याने त्याचं काम चोख केलं होतं, ढेकर आणला होता. चुकीच्या टेबलावर कागद मी ठेवला. 2023 साली आल्याने बाजारात किलोला 200 रुपयांची वेस ओलांडली तेव्हा माझा 300 चा माल तोट्यातच होता, पण तोटा घटला. बँकेच्या भाषेत याला प्रगती म्हणतात.

गेल्या संक्रांतीला दादा-वहिनी पुन्हा आले होते. मी चहा टाकला. आधी पाण्यात आलं, मग दूध. दादा घोट घेऊन म्हणाला, "याचं बेणं दे की रे थोडं." मी गप्प. वहिनींकडे बघायचं धाडस होईना. त्यांनीच पर्समधून एक कापडी पिशवी काढली आणि म्हणाल्या, "यात घाला भावजी. चांगले डोळेवाले बघून."

परवा पुण्याहून त्यांचा फोन आला. रात्री साडेनऊला. नंबर बघूनच माझ्या पोटात गोळा आला. मी ओरडलोच, "वहिनी, 108 ला लावा आधी!"

"अहो भावजी, ऐका तरी," त्या म्हणाल्या, "कोंब आलाय."